पी-२ पंपाचं तडकणारं सिरॅमिक : प्रकल्प नोंदी

२ मे २०२४, गुरुवार

पी-२ पंपाचं मेकॅनिकल सील (फिरत्या शाफ्टभोवती पाणी अडवणारी, एकमेकांवर घासणाऱ्या दोन चकत्यांची जोडी) पुन्हा गेलं. पहाटेच्या शिफ्टला ग्लँडखाली (सीलच्या कव्हरखाली) थेंब होते, सातपर्यंत धार लागली. पी-१ चालू करून पी-२ बाजूला घेतला. भट्टी थांबली नाही, त्यामुळे ऑफिसात कुणाला विशेष वाटलं नाही.

मांडणी एकदा लिहून ठेवतो. ५५० किलोवॅटची, एक टनाची इंडक्शन भट्टी. पॅनेल आणि कॉईल दोन्हींना डीएम (क्षार काढलेलं) पाणी, बंद चक्रात फिरणारं. हे पाणी प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये कूलिंग टॉवरच्या पाण्यावर गार होतं. पी-१ आणि पी-२ सारखेच : १० एचपी, २९०० आरपीएम, ३५ मि.मी. शाफ्ट. एक चालतो, एक राखीव. सीलचा फिरणारा भाग कार्बनचा, रबरी बेलोजवर. स्थिर भाग म्हणजे कव्हरमध्ये रबरी कपात बसवलेली ॲल्युमिनाची पांढरी रिंग. शॉपमध्ये तिला नुसतं ‘सिरॅमिक’ म्हणतात.

उघडल्यावर सिरॅमिक दोन तुकड्यांत निघालं. फिटरमामा म्हणाले, “साहेब, माल हलका येतोय. आधीचंबी असंच फुटलं.” आधीचं कुठंय विचारलं तर त्यांनी ड्रॉवरमधून काढून हातात ठेवलं. जपून ठेवलं होतं हे फार बरं केलं. तुटलेलं सील भंगारात गेलं की प्रकरण तिथंच संपतं आणि पुढच्या महिन्यात नव्यानं सुरू होतं.

दोन्ही सिरॅमिक वेगवेगळ्या पिशव्यांत, तारीख लिहून. धुवायचं नाही, पुसायचं नाही.

३ मे, शुक्रवार

दिवसभर भिंग आणि टॉर्च. डायपेनिट्रंटचा (बारीक तड्यांत शिरून ते दाखवणारा) लाल रंग लावायच्या आधी कोरड्या डोळ्यांनी पाहिलं, कारण एकदा रंग लागला की जुनी घाण कुठली आणि नवी कुठली ते कळत नाही.

कार्बन घासल्याचा माग चकतीवर सगळीकडे सारख्या रुंदीचा आहे, ३ मि.मी., म्हणजे कार्बनच्या ओठाएवढाच. शाफ्ट डुलत असता किंवा सिरॅमिक तिरकं बसलं असतं तर माग रुंद झाला असता, निदान एका बाजूला गडद. ठोकून बसवल्याच्या खुणाही नाहीत, मागची कड शाबूत. फिटिंगचा संशय इथंच मिटला. मामांना हे सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण चहा आला.

खरी गोष्ट मागावर आहे. आरपार गेलेल्या तड्याशिवाय आणखी बारीक तडे दिसतात, सगळे त्रिज्येच्या दिशेनं, चाकाच्या आऱ्यांसारखे. मागाच्या बाहेरच्या कडेपासून सुरू होऊन आत येतात आणि मध्येच थांबतात. माग सोडून इतरत्र एकही नाही.

तुटलेल्या पृष्ठभागावर दोन रंग आहेत. फेसलगतचा (फेस म्हणजे सीलचा घासणारा पृष्ठभाग) एक-दीड मिलिमीटरचा पट्टा करडा-तपकिरी : कार्बनची भुकटी आणि गंज आत झिरपलेला. उरलेला भाग स्वच्छ पांढरा. म्हणजे तडा एका दमात गेलेला नाही. आधी थोडा उघडला, पाण्यात तसाच चालला, घाण आत शिरत राहिली आणि मग एकदम फाटला. ड्रॉवरमधल्या जुन्या तुकड्यावरही तोच पट्टा, तेवढ्याच खोलीचा.

पांढऱ्या भागावर हॅकल (खरखरीत रेषा) नाही, तड्याला फाटे नाहीत. जास्त ताणाखाली फुटलेल्या सिरॅमिकमध्ये उगमाभोवती गुळगुळीत आरसा आणि त्यापलीकडे खरखरीत रेषा दिसतात. ताण जितका जास्त, तितका आरसा लहान. इथं ८ मि.मी. जाडीत आरशाची हद्दच सापडत नाही. ॲल्युमिनाचा मिरर स्थिरांक ९ मेगापास्कल रूट मीटरच्या आसपास धरला तर शेवटच्या फाटण्याचा ताण ढोबळमानानं १०० मेगापास्कलच्या खालीच असणार. चांगल्या ॲल्युमिनाची वाकण्यातली ताकद ३५० च्या घरात असते.

चौथ्या हिश्श्याच्या ताणावर का फुटलं? कारण तोवर त्यात तडा होता. फ्रॅक्चर टफनेस (तडा पसरू न देण्याची क्षमता) ४ धरून १ मि.मी. खोल तड्याचं गणित केलं : ताकद उरते साधारण ६० ते ६५. करड्या पट्ट्याची खोली आणि हा आकडा एकमेकांना धरून आहेत. आज एवढं पुरे.

४ मे, शनिवार

‘माल हलका’ हा मुद्दा निकालात काढायचा म्हणून गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, ओळखीच्या सराफाकडे गेलो. सोन्याची घनता काढायला त्यांच्याकडे पाण्यात लटकवून वजन करायचा काटा असतो. तुटलेले तुकडे दुकानात नेणं बरं दिसलं नसतं, म्हणून त्याच लॉटमधलं नवं सिरॅमिक नेलं. हवेत ३८.६० ग्रॅम, पाण्यात २८.६५. घनता ३.८८. हे ९९.५ टक्के ॲल्युमिनाला शोभणारं आहे. ९५ टक्क्यांचा माल ३.७ च्या आसपास आला असता. सराफानं विचारलं, “हे काय, हस्तिदंत?” पाण्याच्या पंपाचा भाग आहे म्हटल्यावर त्यांचा रस संपला.

माल चोख आहे. सप्लायरला शिव्या देणं थांबवावं, असा निरोप ऑफिसला.

वाळूचा संशय मॅनेजरसाहेबांचा. फाउंड्री आहे, टाकीत वाळू जातेच. पण सिलिका वाळूची कठीणता मोहच्या मापात ७, ॲल्युमिनाची ९. वाळू कार्बनला ओरबाडेल (कार्बनवर गोल चरे आहेतही), सिरॅमिकला असे तडे पाडणार नाही. वाळू या गोष्टीत आहे, असं मला अजूनही वाटतं, पण दुसऱ्या कुठल्यातरी दारानं आलेली.

५ मे, रविवार

घरी रजिस्टर घेऊन आलो.

आधी चुकीच्या रकान्यात शोधत बसलो नाही, हे नशीब. सील बदलल्याच्या तारखा : १५ एप्रिल आणि २ मे. त्या दिवसांत ना लाइट गेली, ना पंप बंद पडला, ना काही वेगळं घडलं. ब्रेकडाउन रजिस्टर पाहणारा प्रत्येक माणूस इथंच हात टेकतो. पण तडा दोन टप्प्यांत गेला असेल तर फुटण्याच्या तारखेला काही घडलेलं असायची गरजच नाही. पहिला टप्पा शोधायला हवा, त्याआधीचे काही दिवस.

पंप कोरडा चालल्याची नोंद कुणीच करत नाही. ऑपरेटर प्रायमिंग करतो, म्हणजे पंपात बाहेरून पाणी भरतो, पंप पाणी धरतो, काम पुढं सुरू. पण डीएम पाण्याच्या कंडक्टिव्हिटीची नोंद दर शिफ्टला होते, कारण ५० मायक्रोसीमेन्सच्या वर गेली की पॅनेलवाले ओरडतात. आणि प्रायमिंगचं पाणी येतं वरच्या इमर्जन्सी टाकीतून, म्हणजे बोअरचं, ६०० च्या आसपास. दोन हजार लिटरच्या चक्रात चाळीसेक लिटर बोअरचं पाणी गेलं तर आकडा १२ नं वाढायला हवा.

रजिस्टरात १८-१९ वर चाललेला आकडा तीन ठिकाणी एका शिफ्टमध्ये तिशीला टेकलाय आणि मग क्षार शोषणाऱ्या रेझिननं पुन्हा खाली आणलाय : ९ एप्रिल, १९ एप्रिल, २८ एप्रिल. भट्टीच्या लॉगबुकात तिन्ही दिवशी संध्याकाळी एकच शेरा : ‘वळीव. लाइट ट्रिप.’

९ एप्रिलला पी-२ चालू होता, १५ ला फुटला. २८ ला पी-२ चालू होता, २ मेला फुटला. १९ ला मात्र पी-१ चालू होता, आणि पी-१ थेंबभरही गळत नाही.

ॲल्युमिनाचा एक स्वभाव इथं लक्षात ठेवायला हवा : पाण्याच्या सान्निध्यात त्यातला तडा कमी ताणावरही हळूहळू सरकतो. तड्याच्या टोकाशी पाणी बंध तोडायला मदत करतं. काही दिवसांची ही उशिरानं फुटण्याची गोष्ट त्यातून जुळते. तसं असेल तर पी-१ च्या सिरॅमिकमध्ये या क्षणी तडे असले पाहिजेत, गळत नसलं तरी. उघडल्याशिवाय कळणार नाही, आणि चालता पंप उघडायला कोण देतंय.

७ मे, मंगळवार

लोकसभेचं मतदान, कंपनीला सुट्टी, भट्टी बंद. सकाळीच मत देऊन मामा आणि मी दहाला आत. बोटांना शाई दोघांच्याही.

पी-१ उघडला. सिरॅमिक अखंड, डोळ्याला स्वच्छ. पुसून लाल पेनिट्रंट, वीस मिनिटं थांबलो, पुसलं, डेव्हलपर मारला. मागाच्या बाहेरच्या कडेवर बारीक लाल रेषा उमटल्या, आत शिरलेल्या, सगळ्या त्रिज्येच्या दिशेनं. मामांनी चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं. “म्हणजे ह्योबी चाललाच होता की!”

हा पुरावा माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा. बाकी सगळं घडून गेल्यावर जुळवलेलं. हे आधी सांगून मग उघडलं.

रबरी कपही तपासला. नव्या नायट्राईल रबराची कठीणता ७० शोअर ए. यातला सिरॅमिकला टेकलेला भाग ८५ च्या वर, चकचकीत, नख रुतत नाही. बाहेरचा भाग मऊच. नायट्राईल १०० अंशांच्या वर फार काळ टिकत नाही. चक्रातलं पाणी ३५ च्या पुढं कधी जात नाही. मग हे रबर भाजलं कशानं? सिरॅमिकच्याच उष्णतेनं.

दुपारी सक्शन लाइन, म्हणजे टाकीतून पंपाकडे पाणी ओढणारा पाइप. जानेवारीत डीएम टाकी बदलली. जुनी स्टँडवर होती, पाणी आपोआप पंपात यायचं. नवी मोठी टाकी जागेअभावी खड्ड्यात बसवली. पाण्याची पातळी पंपाच्या मध्यापासून दीड-पावणेदोन मीटर खाली. म्हणून फूटव्हॉल्व्ह (सक्शन पाइपच्या तळाशी, पाणी परत उतरू न देणाऱ्या झडपा) आले. पी-२ चा फूटव्हॉल्व्ह वर काढला तर झडपेच्या रबरी वॉशरमध्ये वाळूचे कण रुतलेले, झडप पुरती मिटत नाही. ही वाळूची खरी कामगिरी. पंप थांबला की सक्शनमधलं पाणी हळूहळू टाकीत उतरतं आणि पंप रिकामा होतो.

वर आणखी एक. पंपाच्या तोंडाशी बसवलेला रिड्यूसर (मोठा पाइप लहान तोंडाला जोडणारा तुकडा) सरळ, दोन्ही बाजूंनी निमुळता. सक्शन लाइनला एकसेंट्रिक रिड्यूसर लावतात, सपाट बाजू वर, म्हणजे वरच्या कोपऱ्यात हवा साठत नाही. इथं मस्त कोपरा आहे. फॅब्रिकेटरनं जे मिळालं ते जोडलं आणि आम्ही पास केलं.

पी-१ ला नवं सील. दोन्ही फूटव्हॉल्व्ह धुऊन, वॉशर बदलून परत. हा काही उपाय नव्हे, वाळू परत येणारच.

१३ मे, सोमवार

आकडेमोड. कोरडा चालल्यावर सील किती तापतं?

पाण्यासकट नेहमीचं चालणं : फेसचा सरासरी व्यास ४० मि.मी., वेग सेकंदाला ६ मीटर. घासणारं क्षेत्र ३७७ चौ.मि.मी. सील चेंबरमध्ये अडीच बार. त्याचा दाब आणि स्प्रिंग मिळून फेसवर ०.३१ मेगापास्कल, म्हणजे ११७ न्यूटन. घर्षणांक ०.०८ धरला तर उष्णता सुमारे ५७ वॅट.

कोरडं चालणं : पाण्याचा दाब नाही, नुसती स्प्रिंग. बळ निम्म्यावर, ५७ न्यूटन. पण घर्षणांक ०.२ पर्यंत जातो. उष्णता सुमारे ७० वॅट.

हे मी दोनदा तपासलं. कोरडं चाललं की उष्णता दसपट होत असेल अशी सगळ्यांची समजूत असते. प्रत्यक्षात जवळपास तेवढीच. फरक एवढाच की पाणी असताना ती काढून न्यायला कुणीतरी होतं. साध्या ६० वॅटच्या बल्बएवढी उष्णता ३९ ग्रॅमच्या चकतीत कोंडली जाते. निम्मी सिरॅमिककडे गेली असं धरलं तर ३५ वॅट. चकतीची उष्माधारणा अंशाला ३४ ज्यूल. म्हणजे सेकंदाला एक अंश. काही उष्णता कव्हरकडे, शाफ्टकडे जाणार, त्यामुळे पुढं वेग मंदावेल, पण माग स्वतः चकतीच्या सरासरीपेक्षा तापलेला असेल. चार-पाच मिनिटांत फेस दोनशेच्या वर जाणं अशक्य नाही.

आणि पंप चार-पाच मिनिटं कोरडा चालतो का? ऑपरेटरला विचारलं. म्हणाला, “लाइट आली की आधी पॅनेल बघायचं, फ्लो स्विच लागला का, अलार्म का वाजतोय. मग खाली पळायचं. तेवढा वेळ जातोच.” फ्लो स्विच (पाणी वाहतंय का ते बघणारा) पॅनेलमधल्या इन्व्हर्टरला बंद करतो, पंपाला नाही. लाखो रुपयांचं पॅनेल सुरक्षित, आणि खाली पंप कोरडा भरडतोय.

१६ मे, गुरुवार

लॅबच्या मफल फर्नेसमध्ये (छोट्या बंदिस्त भट्टीत) नवी सिरॅमिक तापवून २५ अंशांच्या पाण्यात टाकली. मग डायपेनिट्रंट.

१५० अंशांवरून टाकलेलं स्वच्छ. २०० वरचंही स्वच्छ. २२५ वर थोडे तडे. २५० वर जाळं. ॲल्युमिनाला पाण्यातला धक्का सुमारे २०० अंशांच्या फरकापर्यंत सोसतो, हे पुस्तकी ज्ञान आमच्या मफलमध्येही खरं ठरलं.

पण बाजूबाजूला ठेवून पाहिल्यावर पंपातलं सिरॅमिक वेगळं दिसतं. मफलमधल्यावर तडे सगळीकडे, पाठीवर, कडेवर, वेडेवाकडे, कारण अख्खी चकती तापली होती. पंपातल्यावर फक्त मागावर. म्हणजे उष्णता फेसवरूनच आली आणि गार पाणी आलं तेव्हा चकतीचं बाकी अंग तितकं तापलेलं नव्हतं. तडे बाहेरच्या कडेवरून सुरू होतात कारण या सीलमध्ये पाणी बाहेरच्या बाजूनं येतं. गार पाण्याची गाठ आधी त्या कडेशी पडते. कातडीसारखा वरचा थर आकसू पाहतो, आतला गरम भाग आकसू देत नाही, थर ओढला जाऊन फाटतो. ताणात सिरॅमिक कच्चं, दाबात पक्कं.

तर क्रम असा : लाइट जाते, पंप रिकामा होतो, लाइट येते, पंप कोरडा चालतो, सील तापतं, ऑपरेटर बोअरचं गार पाणी सोडतो, तडे पडतात, पंप पाणी धरतो, सगळे सुटकेचा श्वास घेतात. चार-सहा दिवसांनी धार.

२१ मे, मंगळवार

मीटिंग. मालकांनी सरळ विचारलं, सिलिकॉन कार्बाइड टाकलं की प्रश्न मिटतो ना?

त्यांना कोणीतरी बरोबर सांगितलंय. उष्णतेच्या धक्क्यासाठी आकडे मांडले तर ताकद, प्रसरण, ताठरपणा आणि उष्णतावहन मिळून सिंटर्ड सिलिकॉन कार्बाइड ॲल्युमिनाच्या आठ-नऊ पट पुढं जातं. मुख्य कारण वहन : ॲल्युमिनाचं ३० च्या आसपास, कार्बाइडचं १२० च्या. शिवाय तापल्यावर फुगणंही निम्मं. सिरॅमिक फुटायचं थांबेल यात मला शंका नाही.

माझी हरकत दुसरीच. पंप कोरडा चालायचा थांबणार नाही. कार्बन झिजेल, रबर भाजेल, आणि तेव्हा गळती कुठून येतेय हे सांगणारे तडेसुद्धा नसतील. ॲल्युमिनानं आम्हाला कोरड्या चालण्याच्या तारखा काढून दिल्या. आधी पाणी नीट करू, मग वाटलं तर कार्बाइड. मालक म्हणाले, “तुमचं पटतंय, पण पी-१ ला टाकूनच ठेवा.” पैसे त्यांचे. मात्र पी-१ ला आता दोन गोष्टी एकदम बदलणार, त्यामुळे कशानं फरक पडला हे त्याच्यावरून कधीच कळणार नाही. पी-२ ला ॲल्युमिनाच ठेवायचं, एवढं कबूल करून घेतलं.

२४ मे, शुक्रवार

संध्याकाळी पाचनंतर आभाळ भरून आलं, म्हणून घरी न जाता पंपापाशीच थांबलो. पी-२ च्या ग्लँड प्लेटवर आधीच काळा रंग मारून ठेवला होता. चकचकीत स्टीलवर इन्फ्रारेड गन हवा तो आकडा दाखवते.

सहाच्या सुमारास वीज कडाडली आणि लाइट गेली. इमर्जन्सी टाकीचं पाणी गुरुत्वानं कॉईलला सुरू झालं. भट्टीत वितळलेलं लोखंड होतं, १४०० च्या वर. वीसेक मिनिटांनी लाइट आली, पी-२ आपोआप सुरू झाला. प्रेशर गेज शून्यावर. ग्लँड प्लेट ३४. दोन मिनिटांनी ६१. चार मिनिटांच्या आसपास ८८, आणि करपलेल्या रबराचा वास. प्लेट ८८ म्हणजे आत फेसवर काय असेल याचा अंदाज करा.

ऑपरेटर धावत आला आणि त्याचा हात थेट प्रायमिंग कॉकवर. त्याला दोष देणार नाही. भट्टीत धातू जमला तर लायनिंगपासून सगळंच धोक्यात, त्यात इमर्जन्सी टाकी किती वेळ पुरणार. त्याच्या डोळ्यासमोर भट्टी असते, सील नाही, आणि ते बरोबरच आहे.

त्याला म्हटलं, “याला हात लावू नको. पी-२ बंद कर, पी-१ भर.” पी-१ थंडच होता. त्यानं पी-१ ला पाणी भरलं, सुरू केला, मिनिटभरात प्रेशर आलं. पी-२ तसाच तापलेला सोडून दिला, आपोआप निवायला.

२५ मे, शनिवार

पी-२ उघडला. सिरॅमिकवर पेनिट्रंट : एकही रेषा नाही. रबरी कप भाजलेला, कार्बनचा फेस काळाकुट्ट आणि घासलेला. म्हणजे कोरडं चालणं भरपूर झालं, गार पाण्याचा धक्का बसला नाही, तडे पडले नाहीत.

एकाच घटनेवरून छाती ठोकून सांगू नये. पण मफल, पी-१ आणि हे, तिन्ही एकाच बाजूला बोट दाखवतात. पंपघरात मोठ्या अक्षरांत पाटी लावली : ‘कोरडा चाललेला पंप भरू नका. बंद करा. दुसरा भरून चालू करा.’ कारण खाली लिहिलं नाही. मामा तोंडी सांगताहेत, माझ्यापेक्षा बरं सांगतात. “तापलेल्या काचेच्या ग्लासात गार पाणी वततोस का रं?”

३ जून, सोमवार

पाटी हा उपाय नव्हे. रात्रपाळीचा नवा पोरगा ती वाचणार नाही. बदल ठरले.

पंपाला अंडरकरंट रिले. भरलेला पंप १२.५ अँपिअर घेतो. कोरडा सहाच्या आसपास. सेटिंग ८ वर, १५ सेकंद उशीर. त्याखाली गेला की पंप बंद आणि हूटर. पंधरा सेकंदांत फेस पंधरा-वीस अंशांपलीकडे तापत नाही, म्हणजे मग कुठलंही पाणी सोडलं तरी हरकत नाही.

वर छोटी प्रायमिंग टाकी, डीएम पाण्याचीच, दोन्ही पंपांना एनआरव्हीतून (एकाच दिशेनं पाणी सोडणाऱ्या झडपेतून) कायम जोडलेली. बोअरचं पाणी चक्रात यायचं थांबेल, पॅनेलवालेही खूश. पंपाच्या केसिंगमधून आणि सील चेंबरच्या वरच्या टोकातून हवा जायला बारीक नळी (व्हेंट), टाकीत परत. आडव्या पंपात सील चेंबरचा वरचा भाग हवेला धरून बसतो. बाकी पंप भरला तरी सील अर्धं हवेत फिरत राहू शकतं.

फूटव्हॉल्व्हभोवती स्टेनलेसची जाळी. टाकीला झाकण, जे पहिल्या दिवसापासून हवं होतं. एकसेंट्रिक रिड्यूसर दोन मागवले.

सक्शन पुन्हा वर घ्यावं, टाकी स्टँडवर न्यावी, हेही लिहून दिलं. जागा नाही असं उत्तर आलं. ते खरंही आहे.

१२ जून, बुधवार

पी-२ पूर्ण झाला : रिले, व्हेंट, जाळी, रिड्यूसर. सिरॅमिक नवं, ॲल्युमिना. पी-१ ला रिले, व्हेंट आणि मालकांचं सिलिकॉन कार्बाइड. रिड्यूसर एकच आला, दुसरा यायचाय.

रिलेची चाचणी सक्शन व्हॉल्व्ह बंद करून घेतली. इलेक्ट्रिशियननं पहिल्यांदा उशीर शून्यावर ठेवला होता, त्यामुळे पंप सुरू होताच ट्रिप. मग १५ वर. ठीक.

२६ जून, बुधवार

वळीव संपला, मान्सून लागला. लाइट जायचं थांबलेलं नाही, फक्त गडगडाट कमी. या पंधरवड्यात पी-२ चा रिले दोन वेळा लागलाय, दोन्ही वेळा लाइट आल्यावर. कंडक्टिव्हिटी १९ वरून हललेली नाही. हूटरचा आवाज ऑपरेटरना आवडत नाही, मोठा आहे म्हणतात. मोठाच ठेवणार.

२६ जुलै, शुक्रवार

पंचगंगा धोका पातळीच्या वर. रस्ते बंद, अर्धी शिफ्ट आलीच नाही, भट्टी बंद ठेवली. आलोच होतो तर पी-२ उघडायला घेतला. मामा नदीपलीकडं अडकले, म्हणून हेल्परला बरोबर घेतलं.

सिरॅमिक पेनिट्रंटला स्वच्छ. माग ३ मि.मी., उजळ. रबरी कप ७२ शोअर, मऊ. कार्बनवर पूर्वीसारखे खोल चरे नाहीत, जाळीनं काम केलेलं दिसतंय. तेच सील परत बसवता येत नाही, एकदा उघडलेले फेस पुन्हा तसेच बसत नाहीत, म्हणून नवा सेट टाकला. हेल्परला वाईट वाटलं, चांगलं सील काढलं म्हणून. काढलेलं सिरॅमिक तारीख लिहून बाकीच्यांशेजारी पिशवीत.

पी-१ उघडला नाही. त्याचा रिड्यूसर परवा आलाय. रस्ते मोकळे झाले की पहिल्या बंदला बसवायचा. गॅस्केट आणि बोल्ट स्टोअरमधून काढून पंपघरात ठेवलेत.